चेंडू जागेवरच असतो, तरी नेम चुकतो; गोल्फमधून समजून घ्या मेंदूचा थकवा

नाशिकमध्ये कुणालाही 'गोल्फ क्लब कुठंय?' असं विचारलं, तर तो तुम्हाला त्र्यंबक नाक्याजवळच्या मैदानावर नेऊन सोडेल. तिथं क्रिकेटचे सामने दिसतील, पहाटे जॉगिंग ट्रॅकवर फिरणारी मंडळी दिसतील, सभा आणि आंदोलनंही दिसतील. गोल्फ काही दिसणार नाही. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान हे त्याचं अधिकृत नाव, पण लोकांच्या तोंडी आजही 'गोल्फ क्लब मैदान' हेच आहे.

म्हणजे नाशिक-निफाडकडच्या माणसाचा गोल्फशी संबंध बहुतेक वेळा एवढाच, मैदानाच्या नावापुरता. तरीही या खेळाबद्दल वाचण्यासारखं बरंच आहे. कारण मेंदू थकला की माणसाच्या कामाचं नेमकं काय होतं, हे गोल्फमध्ये जितकं स्वच्छ दिसतं तितकं फार कमी खेळांत दिसतं. आणि मेंदूचा थकवा काही फक्त गोल्फरला येत नाही. दिवसभर अभ्यासिकेत बसून संध्याकाळी भरतीसाठी पळणाऱ्या पोराला येतो, द्राक्षबागेत विरळणी करणाऱ्या बाईला येतो आणि रात्री एक वाजता रील्स बघणाऱ्या तुम्हाआम्हालाही येतो.

मेंदूचा थकवा म्हणजे नेमकं काय, त्यानं गोल्फरचा खेळ कसा बिघडतो, विज्ञानाला यातलं किती ठामपणे माहिती आहे आणि यातून आपल्या उपयोगाचं काय, ते एकेक करून बघू.

आधी गोल्फ समजून घेऊ

गोल्फच्या एका फेरीत १८ होल असतात. प्रत्येक होलसाठी ठरावीक फटके धरलेले असतात, त्याला 'पार' म्हणतात. मोठ्या मैदानांवर १८ होल मिळून पार साधारण ७० ते ७२ फटके असतो. जितके कमी फटके, तितका खेळ चांगला. मोठ्या स्पर्धा सहसा चार दिवस चालतात, रोज एक फेरी.

एका फेरीला चार ते पाच तास लागतात. पण प्रत्यक्ष फटका मारायला किती वेळ लागतो? दोन सेकंद धरले तरी ७२ फटक्यांचे होतात १४४ सेकंद, म्हणजे जेमतेम अडीच मिनिटं. गोल्फच्या नियमावलीत एका फटक्यासाठी ४० सेकंदांपेक्षा जास्त वेळ घेऊ नये अशी शिफारस आहे. ते ४० सेकंद पूर्ण धरले, तरी ७२ फटक्यांचे होतात ४८ मिनिटं.

मग उरलेले तीन-चार तास खेळाडू करतो काय? चालतो, थांबतो, दुसऱ्याचा फटका होईपर्यंत वाट बघतो आणि विचार करत राहतो. मागचा फटका का चुकला? पुढं वारा कुठल्या बाजूनं आहे? पिशवीतल्या १४ काठ्यांपैकी कुठली घ्यायची? पाण्यावरून मारायचं की बाजूनं जायचं? हिरवळीचा उतार डावीकडे आहे की नुसता तसा वाटतोय?

क्रिकेटमध्ये चेंडू अंगावर येतो आणि हात आपसूक चालतात. गोल्फमध्ये चेंडू निवांत पडलेला असतो. घाई नाही, समोरून हल्ला नाही. चूक झाली तर तिचं खापर फोडायला दुसरं कुणी नाही. विचार करायला भरपूर वेळ मिळतो आणि हाच वेळ खेळाडूच्या मुळावर येतो.

एक अंशाचं गणित

गोल्फमध्ये दोन टोकाची कामं असतात. एक म्हणजे लांब फटका, ज्याला ड्राइव्ह म्हणतात. दुसरं म्हणजे पट, म्हणजे हिरवळीवर चेंडू हळूच ढकलून खड्ड्यात घालणं. पारचा हिशोब करताना प्रत्येक होलला दोन पट धरलेले असतात. म्हणजे १८ होलचे झाले ३६. पार ७२ असेल तर निम्मे फटके हे हळूच ढकलायचेच.

आता थोडं गणित करू. गोल्फच्या खड्ड्याचा व्यास सव्वाचार इंच असतो, म्हणजे १०.८ सेंटिमीटर. मधल्या बिंदूपासून कडेपर्यंत ५.४ सेंटिमीटर. चेंडू १० फुटांवर आहे आणि तुमची दिशा फक्त सव्वा अंशानं चुकली, तर खड्ड्यापाशी पोहोचेपर्यंत चेंडू जवळपास साडेसहा सेंटिमीटर बाजूला गेलेला असेल. म्हणजे पट हुकला.

हीच सव्वा अंशाची चूक २५० यार्डांच्या ड्राइव्हमध्ये झाली, तर चेंडू साधारण पाच मीटर बाजूला पडेल. पण तिथं गवताचा पट्टाच २५-३० मीटर रुंद असतो. चेंडू मजेत खेळात राहतो.

मेंदूच्या थकव्याचा विषय समजून घेताना हे गणित डोक्यात ठेवा. थकलेल्या मेंदूनं ताकद एकदम जात नाही. जाते ती बारीक अचूकता. जिथं चुकायला जागा आहे तिथं ते झाकून जातं आणि जिथं जागा नाही तिथं लगेच उघडं पडतं.

मेंदूचा थकवा म्हणजे काय?

बराच वेळ एकाग्रतेचं, निर्णयाचं किंवा मन आवरण्याचं काम केल्यावर जी अवस्था येते, तिला संशोधक मानसिक थकवा म्हणतात. यात तीन गोष्टी होतात. थकल्यासारखं, कंटाळल्यासारखं वाटतं. लक्ष टिकत नाही, चुका वाढतात. आणि तेच काम करायला आधीपेक्षा जास्त जोर लावावा लागतोय असं वाटू लागतं.

यातली तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. तिच्यावरचा गाजलेला प्रयोग २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. वेल्समधल्या बँगोर विद्यापीठात सॅम्युएल मार्कोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १६ जणांना व्यायामाच्या सायकलवर बसवलं आणि जमेल तोवर पॅडल मारायला सांगितलं. एका वेळी सायकलच्या आधी ९० मिनिटं संगणकावर डोक्याला ताण देणारं काम होतं. दुसऱ्या वेळी त्याच माणसांना तेवढाच वेळ माहितीपट दाखवला.

माहितीपट पाहिल्यावर ही मंडळी सरासरी ७५४ सेकंद टिकली. डोकं थकल्यावर ६४० सेकंद. म्हणजे जवळपास दोन मिनिटं आधी त्यांनी हात टेकले. गंमत अशी की हृदय, फुप्फुसं आणि स्नायू यांच्या मोजमापातून हा फरक समजावता येत नव्हता. शरीर तेच होतं. फक्त सुरुवातीपासूनच त्यांना तेच काम जास्त जड वाटत होतं.

दुसऱ्या एका प्रयोगात फुटबॉलपटूंना ३० मिनिटं स्ट्रूप चाचणी दिली. यात 'लाल' हा शब्द निळ्या रंगात छापलेला असतो आणि तुम्हाला शब्द न वाचता रंग सांगायचा असतो. करून बघा, पाच मिनिटांत डोकं भणभणतं. त्या अर्ध्या तासानंतर खेळाडूंच्या पासमध्ये चुका वाढल्या आणि गोलवर मारलेल्या फटक्यांची अचूकताही घसरली.

डोक्याच्या आत काय घडतं?

आपल्या कपाळामागे मेंदूचा पुढचा भाग असतो. नियोजन करणं, मोह आवरणं, दोन पर्यायांतून एक निवडणं ही कामं प्रामुख्यानं तिथं चालतात. २०२२ मध्ये पॅरिसमधल्या संशोधकांनी काही लोकांना सुमारे सहा तास कठीण बौद्धिक काम दिलं आणि दुसऱ्या गटाला त्याच प्रकारचं सोपं काम दिलं. कठीण काम करणाऱ्यांच्या मेंदूत याच भागात ग्लुटामेट नावाचं रसायन जास्त साठलेलं आढळलं. दिवसाच्या शेवटी ही मंडळी 'थोडं मिळालं तरी चालेल, पण लगेच मिळू दे' अशा पर्यायांकडे जास्त झुकत होती.

ग्लुटामेट मेंदूला लागतंच, ते काही विष नाही. पण ते साठत गेलं की त्या भागाला काम करणं महाग पडतं, असा या संशोधकांचा अंदाज आहे. मग मेंदू सोपी वाट धरतो.

आता हे गोल्फच्या मैदानात आणा. चौदावा होल, साडेतीन तास झालेत. समोर तळं. शहाणपणाचा मार्ग म्हणजे आधी तळ्याच्या अलीकडे मारा आणि मग पुढच्या फटक्यात पार करा. झटपट मार्ग म्हणजे एकाच फटक्यात तळं ओलांडा. पहिल्या होलवर जो खेळाडू वारा बघून, अंतर मोजून ठरवतो, तोच चौदाव्यावर 'बघू, मारून टाकू' म्हणू शकतो. हात तेच असतात, थकलेला असतो तो निर्णय घेणारा भाग.

गोल्फरचं नेमकं काय काय बिघडतं?

पहिली गोष्ट, नजर. कॅनडातल्या जोन विकर्स यांनी १९९२ मध्ये पट मारणाऱ्या गोल्फरांच्या नजरेचा अभ्यास केला. चांगले खेळाडू फटक्याआधी चेंडूवर दोन-तीन सेकंद नजर स्थिर ठेवतात, कच्च्या खेळाडूंची नजर जास्त भिरभिरते, असं त्यात दिसलं. या स्थिर नजरेला पुढं 'शांत नजर' असं नाव मिळालं. दोन सेकंद एका जागी बघणं सोपं वाटतं, पण पाच तासांत ते ७० वेळा करायचं म्हणजे लक्ष शाबूत हवं.

दुसरी गोष्ट, अंदाज. उतार किती, गवत कुठल्या बाजूला झुकलंय, चेंडू किती जोरात सोडायचा, हे सगळं एकाच वेळी डोक्यात धरावं लागतं. थकलेला मेंदू यातली एखादी गोष्ट गाळतो आणि गाळलीय हे लक्षातही येत नाही.

तिसरी गोष्ट, सवयीचा क्रम. प्रत्येक चांगल्या गोल्फरचा फटक्याआधीचा ठरलेला क्रम असतो. चेंडूमागे उभं राहायचं, एक-दोन वेळा हवेत काठी फिरवायची, श्वास सोडायचा, मारायचं. थकवा आला की हा क्रम कधी घाईत उरकला जातो, तर कधी नको तितका लांबतो.

चौथी गोष्ट, राग. चुकीनंतर शांत होणं हेसुद्धा मेंदूच्या त्याच भागाचं काम आहे. म्हणून एक होल बिघडला की पाठोपाठचे दोन बिघडतात, हे दृश्य शेवटच्या तासात जास्त दिसतं.

दबाव वेगळा, थकवा वेगळा

इथं बऱ्याचदा गल्लत होते. रोरी मॅकइलरॉय २०२४ च्या यूएस ओपनमध्ये शेवटच्या काही होलवर अगदी जवळचे दोन पट चुकला आणि एका फटक्यानं विजेतेपद हुकलं. एरवी असे पट तो झोपेतही मारेल. मग हा थकवा होता का? बाहेर बसून कुणीच तसं छातीठोकपणे सांगू शकत नाही. तिथं विजेतेपदाचं दडपणही होतंच.

दबावात माणूस जास्त विचार करतो. आपसूक होणाऱ्या हालचालीवर पाळत ठेवायला लागतो आणि मग ती हालचाल अडखळते. जिना उतरताना प्रत्येक पायरीवर पाय कसा ठेवायचा याचा विचार करून बघा, कळेल. थकव्यात उलट होतं. माणूस विचार करायचाच कंटाळा करतो. परिणाम मात्र दोन्हीकडे एकच, चुकलेला पट. आणि खऱ्या सामन्यात दोन्ही गोष्टी एकत्र येतात. थकलेल्या माणसाला दबाव हाताळणं आणखी जड जातं.

पुण्यात जन्मलेला लाहिरी आणि पाच दिवसांची स्पर्धा

भारताच्या अव्वल गोल्फरांमधलं एक नाव म्हणजे अनिर्बान लाहिरी. जन्म पुण्याचा, १९८७ चा. मार्च २०२२ मध्ये तो अमेरिकेत फ्लोरिडा इथं द प्लेयर्स चॅम्पियनशिप खेळत होता. पावसानं आणि वादळी वाऱ्यानं त्या स्पर्धेचे तीनतेरा वाजवले. गुरुवारी सुरू झालेली पहिली फेरी संपायला शनिवार उजाडला. रविवारी संपणारी स्पर्धा सोमवारपर्यंत लांबली.

खेळाडूच्या जागी स्वतःला ठेवून बघा. कधी खेळायचं माहीत नाही. अर्ध्यातून थांबवतात. पुन्हा बोलावतात. पुन्हा पहिल्यापासून मन गोळा करायचं. डोकं थकवायला यापेक्षा वेगळं काय हवं? तरीही तीन फेऱ्यांनंतर लाहिरी एका फटक्यानं आघाडीवर होता. सोमवारी कॅमेरून स्मिथनं ६६ फटक्यांची जबरदस्त फेरी केली. लाहिरी ६९ वर राहिला आणि एका फटक्यानं दुसरा आला. बक्षीस होतं सुमारे २१ लाख ८० हजार डॉलर.

यातून 'थकवा आला म्हणून हरला' असा निष्कर्ष काढणं चुकीचं ठरेल. शेवटच्या दिवशी तो पारपेक्षा तीन फटके चांगला खेळला. उलट, इतक्या तुटक आणि लांबलेल्या स्पर्धेतही डोकं ताळ्यावर ठेवता येतं, हे यातून दिसतं.

लाहिरी विपश्यना करतो आणि त्याबद्दल उघडपणे बोलतोही. विपश्यनेचं मोठं केंद्र आपल्याच जिल्ह्यात, इगतपुरीला आहे. सत्यनारायण गोयंका यांच्या प्रेरणेनं १९७६ मध्ये तिथं धम्मगिरी सुरू झालं. दहा दिवसांच्या शिबिरात मौन असतं आणि फोन जमा करावा लागतो. ध्यानामुळं गोल्फचा स्कोअर सुधारतोच, असं ठामपणे म्हणण्याइतका पुरावा नाही. पण श्वासावर लक्ष, लक्ष भटकलं की चिडचिड न करता परत आणणं, हा सराव गोल्फरच्या कामाशी जुळतो एवढं नक्की.

टोकियो: दोन गोल्फर, दोन गोष्टी

२०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये लाहिरीबरोबर पुण्याचा उदयन माने होता. अर्जेंटिनाच्या एका खेळाडूनं माघार घेतल्यानं त्याला ऐनवेळी जागा मिळाली. ६० जणांच्या स्पर्धेत तो ५६ वा आला. भर उन्हाळ्यातल्या जपानचा उकाडा, ऑलिंपिकचा पहिलाच अनुभव आणि तयारीला मिळालेला थोडा वेळ, हे सगळं एकत्र आलं की नवख्या खेळाडूच्या डोक्यावर किती भार येतो, याचा अंदाज बांधता येतो.

त्याच ऑलिंपिकमध्ये महिलांच्या स्पर्धेत बेंगळुरूच्या अदिती अशोकनं पहाटे सगळ्या देशाला टीव्हीसमोर बसवलं. ज्यांना 'बर्डी' म्हणजे काय हे माहीत नव्हतं, ते स्कोअरकार्ड बघत बसले. त्या वर्षी तिला कोविड होऊन गेला होता. लांब फटक्यात ती इतरांच्या मागं पडत होती, ती कमी तिनं पटिंगवर भरून काढली. पदक एका फटक्यानं हुकलं, ती चौथी आली. शरीरात जोर कमी असतानाही डोकं आणि नजर शाबूत असली तर गोल्फमध्ये कुठवर जाता येतं, याचं इतकं चांगलं भारतीय उदाहरण दुसरं सापडणं अवघड.

स्वप्नील कुसाळेचा खेळही याच जातीचा

गोल्फ लांबचा वाटत असेल, तर जवळचं उदाहरण घ्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे. क्रीडा प्रबोधिनीत निवड झाल्यावर त्यानं नेमबाजीचे धडे घेतले ते नाशिकमध्ये. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्यानं ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य जिंकलं. १९५२ मध्ये खाशाबा जाधवांनी पदक आणलं होतं. त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदकासाठी ७२ वर्षं थांबावं लागलं.

या प्रकारात गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभं राहून नेम धरायचा असतो. पात्रता फेरीत ६० गोळ्या. अंतिम फेरीत आधी गुडघ्यावर, मग झोपून आणि सगळ्यात अवघड अशी उभ्याची स्थिती सर्वांत शेवटी. म्हणजे डोकं सगळ्यात जास्त थकलेलं असतं, तेव्हाच सगळ्यात कठीण काम पुढ्यात येतं. स्वप्नील गुडघ्याच्या स्थितीनंतर सहावा होता, झोपून मारल्यावर पाचवा आणि उभ्यानं मारताना तिसरा. इतरांचा नेम ढळत होता तेव्हा त्याचा टिकला.

गोल्फ आणि नेमबाजी यांच्यात हे साम्य आहे. लक्ष्य स्थिर, हालचाल छोटी, वेळ भरपूर आणि शत्रू आपलंच डोकं.

सगळे शास्त्रज्ञ एकमतानं हेच सांगतात का?

नाही. आणि हे सांगणंही गरजेचं आहे.

'मन आवरण्याची ताकद बॅटरीसारखी संपते' ही कल्पना एकेकाळी फार लोकप्रिय होती. २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून २,१४१ लोकांवर तो प्रयोग पुन्हा केला, तेव्हा परिणाम जवळपास शून्य निघाला. तो प्रयोग काही मिनिटांच्या छोट्या कामाचा होता. अर्धा तास, दीड तास किंवा सहा तासांच्या कामाचे निकाल वेगळे येतात. तरी त्या क्षेत्रातही बरेच अभ्यास १५-२० लोकांवरचे आहेत, त्यामुळं परिणाम नेमका किती मोठा यावर वाद आहे.

शिवाय प्रत्येक गोष्टीवर परिणाम होत नाही. २०१७ मधल्या एका आढाव्यात दिसलं की मानसिक थकव्याचा फटका मुख्यतः दमाच्या कामांना बसतो. एकदाच जोर लावायच्या, ताकदीच्या आणि काही सेकंदांच्या कामांवर फारसा फरक पडत नाही. कौशल्य आणि अचूकतेच्या कामांवरही परिणाम होतो असं इतर अभ्यास सांगतात.

भरतीची तयारी करणाऱ्यांनी हे वाचाच

निफाड, चांदवड, येवल्याकडं पहाटे रस्त्यानं निघालात तर पळणारी पोरं-पोरी हमखास दिसतात. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत १०० मीटर धावणं आणि गोळाफेक असते, शिवाय मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. नंतर लेखी परीक्षा.

वरचा आढावा इथं लावला तर चित्र असं दिसतं. डोकं थकलेलं असताना गोळा फेकला किंवा १०० मीटर पळालात, तर बहुधा फार फरक पडणार नाही. पण १६०० मीटर हे दमाचं काम आहे. तिथं 'आता बास' असं वाटण्याची वेळ लवकर येऊ शकते. पाय थकण्याआधी मन हार मानतं. म्हणून दिवसभर अंकगणित आणि बुद्धिमत्ता सोडवून संध्याकाळी वेळ लावून पळालात आणि वेळ खराब आली, तर लगेच 'आपला दम संपला' म्हणून खचू नका. तीच धाव ताज्या डोक्यानं सकाळी लावून बघा. खरा अंदाज तेव्हा येईल.

हेच बागेतही लागू होतं. गोडी छाटणीनंतर घडांची विरळणी करताना कुठला मणी ठेवायचा आणि कुठला काढायचा, हा निर्णय दिवसात हजारो वेळा घ्यावा लागतो. लासलगावच्या बाजारात एकामागून एक ट्रॉली बघून कांद्याचा भाव बोलणाऱ्या व्यापाऱ्याचंही तेच. काम अंगमेहनतीचं वाटतं, पण निम्मं डोक्याचं असतं. आणि पिंपळगावच्या टोलवरून रात्री मुंबईकडं निघालेल्या ट्रकचालकाच्या बाबतीत तर चूक फटक्यात मोजली जात नाही, जिवात मोजली जाते.

आणि फोन?

हा लेख तुम्ही बहुधा फोनवरच वाचताय, म्हणून थेट सांगतो. ब्राझीलमधल्या लिओनार्डो फोर्टेस आणि सहकाऱ्यांनी फुटबॉलपटूंना सामन्याआधी वेगवेगळा वेळ फोनवर सोशल मीडिया वापरायला दिला. १५ मिनिटांनी विशेष फरक पडला नाही. ३० आणि ४५ मिनिटांनंतर मात्र पास कुणाला द्यायचा, या निर्णयाचा दर्जा घसरला.

आपल्याला वाटतं, फोन बघणं म्हणजे आराम. पण दर १५ सेकंदांना नवा विषय, नवा चेहरा, हसायचं की चिडायचं, लाइक करायचं की पुढं जायचं, हे ठरवत राहणं म्हणजे मेंदूला सुट्टी नव्हे. परीक्षेच्या, मुलाखतीच्या किंवा मैदानी चाचणीच्या आधीचा अर्धा तास फोन खिशात ठेवणं, हा यातला सगळ्यात स्वस्त उपाय.

मग करायचं काय?

गोल्फर जे करतात, त्यातलं बरंच कुणालाही करता येतं.

लक्ष चालू-बंद करायला शिका. कसलेले गोल्फर पाच तास सलग एकाग्र राहत नाहीत, राहूच शकत नाहीत. फटक्याआधी ते लक्ष गोळा करतात आणि फटका झाला की सोडून देतात. चालताना कॅडीशी गप्पा मारतात, झाडं बघतात. अभ्यासातही ४५-५० मिनिटांनी खरी विश्रांती घ्या. फोन नको, चक्कर मारा.

क्रम ठरवून ठेवा. ठरलेला क्रम असला की दरवेळी नव्यानं निर्णय घ्यावा लागत नाही आणि डोकं वाचतं. परीक्षेत आधी कुठला विभाग सोडवायचा, हे घरीच ठरवा.

पाणी आणि खाणं विसरू नका. गोल्फरांवरच्या एका छोट्या अभ्यासात शरीरातलं पाणी थोडंसं कमी झाल्यावरही अंतराचा अंदाज आणि अचूकता घसरलेली दिसली. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये हे जास्तच लक्षात ठेवायला हवं.

चहा-कॉफी मदत करते, पण मर्यादेत. ३६ होलच्या स्पर्धेत कॅफिन घेतलेल्या गोल्फरांचा स्कोअर थोडा सुधारल्याचं २०१६ च्या एका अभ्यासात आढळलं. पण संध्याकाळनंतरची कॉफी झोप खाते आणि झोप गेली की सगळंच गेलं.

झोप पूर्ण करा. थकलेल्या मेंदूसाठी झोपेला पर्याय नाही. आदल्या रात्री जागून केलेली तयारी दुसऱ्या दिवशी नेम, निर्णय आणि राग या तिन्हींवर वसूल होते.

मोठे निर्णय ताज्या डोक्यानं घ्या. जमिनीचा व्यवहार, नोकरीचा राजीनामा किंवा भांडणातला मेसेज यांपैकी काहीही असो, रात्री उशिरा सुचलेलं उत्तर सकाळी एकदा तपासून मगच पाठवा.

एक गोष्ट मात्र वेगळी काढायला हवी. इथं ज्या थकव्याबद्दल बोललो तो काही तासांचा असतो आणि विश्रांती घेतली की जातो. झोप झाली, सुट्टी झाली, तरी आठवडेच्या आठवडे थकवा हटत नसेल, कशातच मन लागत नसेल, तर तो आळस समजून ओढत बसू नका, डॉक्टरांना भेटा. मनाच्या त्रासासाठी सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते आणि तिथं मराठीतही बोलता येतं.